घोरणं थांबतं तेव्हा

"दादा, हे घोरतात त्याचं मला काही वाटत नाही. घोरायचे थांबतात ना, तेव्हा भीती वाटते."

माझ्या भावजयीचं हे वाक्य मी ऐकलं ते एका दिवाळीत, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी. धाकटा भाऊ तिसरी पाळी करून आमच्या चिंचवडच्या घरी आला होता आणि हॉलमध्ये गादीवर आडवा झाला होता. बाहेर मुलं फटाके वाजवत होती, पण त्याच्या घोरण्यापुढे लवंगी माळेचा आवाजही कमी वाटत होता. आम्ही हसत होतो. "काय गाढ झोप लागलीय बघा," असं आमची आई म्हणाली. त्यावर भावजय हळूच माझ्याशी वरचं वाक्य बोलली.

मी भोसरीत आणि नंतर चाकणमध्ये, वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, गुणवत्ता विभागात तीस वर्षं काढली. मोजल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही, ही त्या खात्याची सवय. मी घड्याळाच्या सेकंदकाट्याकडे बघत बसलो. आवाज चढत गेला आणि एकदम बंद झाला. छाती हलत होती, पोट वरखाली होत होतं, पण नाकातोंडातून हवा येत-जात नव्हती. बावीस सेकंदांनी मोठा हिसका बसला, घशातून गुदमरल्यासारखा आवाज आला आणि घोरणं पुन्हा सुरू झालं. मिनिटभरात पुन्हा तेच. आई ज्याला गाढ झोप म्हणत होती, ती झोपच नव्हती.

त्याआधी तीन महिने तो मोशीजवळ मोटारसायकलवरून पडला होता. पाळी सुटल्यावरची सकाळ आणि पुणे-नाशिक रस्ता. "खड्डा होता," असं त्याने घरी सांगितलं होतं. खड्डा नव्हता, डोळा लागला होता, हे त्याने मला बऱ्याच नंतर सांगितलं.

त्याचा आजार, त्यावर त्याने करून घेतलेली वजन घटवण्याची शस्त्रक्रिया आणि त्यानंतर जे घडलं, त्यातून मला हा विषय वाचावासा वाटला. मी डॉक्टर नाही. पण आकडे कसे वाचायचे एवढं मला नोकरीने शिकवलं, आणि या विषयात सगळी गोम आकडे कसे वाचले यातच आहे.

*

या आजाराचं नाव ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप ॲप्निया. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं. जागेपणी घशाचे स्नायू श्वासमार्ग ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैलावतात. मार्ग मुळात रुंद असेल तर काही बिघडत नाही. तो अरुंद असेल तर हवा फडफडत जाते, तेच घोरणं. आणखी अरुंद झाला तर भिंती एकमेकींना चिकटतात आणि हवा बंद होते. रक्तातला प्राणवायू घसरतो, मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, माणूस क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, आणि सकाळी त्याला यातलं काही आठवत नाही.

असा श्वास दहा सेकंद किंवा अधिक काळ पूर्ण थांबला किंवा बराच उणावला, की ती एक घटना. झोपेच्या एका तासात अशा किती घटना घडल्या, त्या आकड्याला एएचआय म्हणतात. ५ पर्यंत चालतं. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम आणि ३० च्या वर तीव्र. भावाचा आकडा आला ५२. म्हणजे सहा तासांच्या झोपेत तीनशेहून अधिक वेळा श्वास अडत होता. तो रोज आठ तास अंथरुणात असे आणि तरीही दिवसभर पेंगत असे. आमच्या भागात ही पेंग कुणाच्या नजरेत भरत नाही. 'पाळीचा थकवा' हे उत्तर तयारच असतं. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या पट्ट्यात निम्म्या घरांत कुणी ना कुणी पाळीत काम करतं, त्यामुळे आजार थकव्याच्या मागे आरामात लपतो.

वैद्यकालाही तो उशिराच दिसला. १८३६-३७ मध्ये आलेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत डिकन्सने ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा रंगवला, उभ्या उभ्या झोपणारा. १९५६ साली अमेरिकेतल्या बर्वेल आणि सहकाऱ्यांनी अशा लक्षणांच्या एका रुग्णाचं वर्णन करताना या कादंबरीवरून 'पिकविकियन' हे नाव वापरलं. हा रुग्ण पत्ते खेळताना हातात तीन एक्के आणि दोन राजे असतानाही झोपी गेला होता. पण झोपेत श्वासाचं काय होतं, हे मोजून पाहिलं गेलं ते १९६५ मध्ये, फ्रान्समध्ये आणि जर्मनीत. त्यानंतरही बरीच वर्षं एकच खात्रीचा उपाय होता, गळ्याला भोक पाडून श्वासनलिकेत नळी बसवण्याचा. १९८१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या कॉलिन सुलिवन यांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून घसा उघडा ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तेच आजचं सीपॅप यंत्र.

आपल्याकडचा आकडा मिळतो तो मुंबईचा. हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. साधारण १९.५ टक्के पुरुषांत झोपेतल्या श्वासाचा बिघाड आढळला, आणि त्याच्या जोडीला दिवसा झोप येण्याचा त्रास असलेले ७.५ टक्के होते. म्हणजे कंपनीच्या पन्नास आसनी बसमध्ये अशा वयाचे पुरुष भरले, तर त्यात तीन-चार जणांना हा पुरता आजार असण्याचा संभव. २०२२ च्या फेब्रुवारीत संगीतकार बप्पी लाहिरी गेले, तेव्हा या आजाराचं नाव अनेक घरांत पहिल्यांदा ऐकलं गेलं.

*

वजनाचा आणि घशाचा संबंध काय? आपण चरबी पोटावर बघतो, पण ती मानेत, घशाच्या भिंतींत आणि जिभेतही साठते. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये ६७ लठ्ठ रुग्णांच्या एमआरआय प्रतिमा वजन घटण्यापूर्वी आणि नंतर तपासल्या. सरासरी दहा टक्के वजन उतरलं, तेव्हा श्वासाच्या घटना सुमारे ३१ टक्क्यांनी कमी झाल्या, आणि या सुधारणेशी सर्वांत जवळचा संबंध दिसला तो जिभेतली चरबी कमी होण्याचा.

दुसरं कारण पोटातलं. उताणं झोपल्यावर पोटातली चरबी पडद्याला वर ढकलते, फुप्फुसं आखडतात. फुप्फुसं भरलेली असतात तेव्हा ती श्वासनलिकेला खाली ओढून घशाला ताण देतात. ती आखडली की हा ताण जातो आणि घसा ढिल्या पिशवीसारखा होतो.

इथे माझ्यातला तपासनीस जागा झाला. नळीतून संथ वाहणाऱ्या प्रवाहाचा नियम असा, की प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्या फक्त दहा टक्क्यांनी घटली तर प्रवाह एक-तृतीयांशाने घटतो. घसा काही पोलादी नळी नाही, त्यामुळे हिशेब जसाच्या तसा लागू होणार नाही. पण थोड्या चरबीने एवढा फरक का पडतो आणि थोडी चरबी उतरल्यावर एवढा आराम का मिळतो, याचा अंदाज येतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये चाललेल्या दीर्घ पाहणीत, २००० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, वजन दहा टक्के वाढलं तर एएचआय सुमारे ३२ टक्क्यांनी वाढतो आणि दहा टक्के घटलं तर सुमारे २६ टक्क्यांनी घटतो.

मग यंत्र लावून झोप सुधारली की वजन आपोआप उतरेल का? भावाला तशी आशा होती. तसं होत नाही. यंत्र घसा उघडतं, चरबी वितळवत नाही. अनेक चाचण्या एकत्र पाहिल्या, तर नुसत्या सीपॅपने वजन किंचित वाढल्याचंच दिसलं आहे.

*

भावाचं वजन तेव्हा ११८ किलो होतं आणि उंची १६८ सेंटिमीटर. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, ४२ च्या जवळ. मास्क लावून झोपणं त्याला जमत नव्हतं. पाळी बदलली की यंत्र चार-चार दिवस पिशवीतून बाहेर येत नसे. शेवटी त्याने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला.

त्याची शस्त्रक्रिया होती स्लीव्ह गॅस्ट्रेक्टोमी. यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग दुर्बिणीतून कापून काढतात आणि उरलेलं जठर बाहीसारखं अरुंद ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात जठराची लहान पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत जागा कमी होते, आणि त्याबरोबर भूक आणि तृप्ती यांचे संप्रेरकी निरोपही बदलतात. चरबी खरवडून काढण्याशी याचा काही संबंध नाही, आणि हा सोपा मार्गही नाही. लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व यांवर जन्मभर लक्ष ठेवावं लागतं.

शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांनी त्याला काही आठवडे सीपॅप नियमित लावायला सांगितलं, ते त्याने मुकाट्याने पाळलं. भुलीची औषधं आणि नंतरची वेदनाशामकं घशाचे स्नायू आणखी सैल करतात, म्हणून अशा रुग्णांत हा आजार आधी शोधावा लागतो. शस्त्रक्रियेसाठी येणाऱ्या लठ्ठ रुग्णांपैकी निम्म्याहून कितीतरी अधिक जणांना तो असतो, आणि बऱ्याच जणांना त्याचा पत्ताही नसतो.

वर्षभरात वजन ८४ किलोवर आलं. मधुमेहाची गोळी बंद झाली. तो जिने चढू लागला, शर्ट बदलले, आणि घोरणं जवळजवळ थांबलं. भावजय पहिल्यांदा रात्रभर झोपू लागली. यंत्र माळ्यावर गेलं. घरात पेढे आले.

मी पेढा खाल्ला आणि विचारलं, "पुन्हा टेस्ट केलीस का?"

"दादा, पोट कापून घेतलं. अजून कसली टेस्ट?" तो चिडला.

आमच्या खात्यात एक साधा नियम होता. नाकारलेला भाग दुरुस्त होऊन आला, की तो थेट पुढे जात नाही. ज्या मापात तो नापास झाला होता, ते माप पुन्हा घ्यायचं. दुरुस्ती करणाऱ्याचा शब्द, भागाची चमक, यांतलं काही चालत नाही. भावाचं वजन मोजलं गेलं होतं, साखर मोजली गेली होती. तो नापास झाला होता श्वासात, आणि तेवढंच कुणी मोजलं नव्हतं.

दोन महिने हो-नाही करत त्याने टेस्ट केली. एएचआय आला १७. उताणा झोपलेला असताना तो याच्या दुपटीच्या आसपास, कुशीवर बराच कमी.

*

५२ वरून १७. हे यश की अपयश? इथे संशोधनातले आकडे नीट वाचावे लागतात.

२००४ मध्ये बुकवाल्ड आणि सहकाऱ्यांनी वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियांवरचे अनेक अभ्यास एकत्र केले. त्यात स्लीप ॲप्निया ८५ टक्क्यांच्या आसपास रुग्णांत बरा झाल्याचं निघालं, आणि हा आकडा जगभर गेला. २००९ मध्ये ग्रीनबर्ग आणि सहकाऱ्यांनी फक्त असे १२ अभ्यास घेतले, ज्यांत शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर झोपेची प्रत्यक्ष चाचणी झाली होती. रुग्ण ३४२. सरासरी बीएमआय ५५.३ वरून ३७.७ वर आला आणि एएचआय ५४.७ वरून १५.८ वर. घट सत्तर टक्क्यांहून जास्त. पण उरलेला १५.८ हा आकडा अजूनही 'मध्यम' आजाराच्या खान्यात बसतो.

दोन्ही अभ्यास खरे आहेत, फरक 'बरा' या शब्दाच्या व्याख्येत आहे. पहिल्या प्रकारच्या आकड्यांत घोरणं थांबलं, पेंग गेली, यंत्र सोडलं, असं रुग्णांनी सांगितलेलंही येतं. दुसऱ्यात तार लावून मोजलेलं आहे. मधल्या जागेत माझ्या भावासारखी माणसं असतात. त्यांना बरं वाटतं, शेजारच्याला आवाज येत नाही, आणि श्वास तरीही तासाला पंधरा-सतरा वेळा अडतो. भावजयीच्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा पुन्हा लागला.

आणखी एक अभ्यास मला महत्त्वाचा वाटतो, ऑस्ट्रेलियातल्या जॉन डिक्सन आणि सहकाऱ्यांचा, २०१२ चा. ६० लठ्ठ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं दोन गटांत वाटलं. एका गटाच्या जठराला पट्टा बसवण्याची शस्त्रक्रिया केली, दुसऱ्याला आहार, व्यायाम आणि देखरेख. दोन वर्षांनी पहिल्या गटाचं वजन सरासरी २७.८ किलोने उतरलं, दुसऱ्याचं ५.१ किलोने. एएचआय मात्र पहिल्यात २५.५ ने कमी झाला आणि दुसऱ्यात १४ ने, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठोस ठरला नाही. वजनात पाचपटीहून अधिक अंतर, श्वासात दुपटीपेक्षाही कमी. सुरुवातीचे थोडे किलो बरंच काही देतात, पुढचे किलो त्या मानाने कमी, आणि माणसामाणसांत फरक फार.

याचं कारण घसा फक्त चरबीने अरुंद होत नाही. जबडा मागे असणं, टाळू अरुंद असणं, टॉन्सिल मोठे असणं, वाढतं वय, झोपेत स्नायू किती सैलावतात आणि मेंदू किती लवकर जागा होतो, ही सगळी कारणं शस्त्रक्रियेनंतरही तशीच राहतात. शिवाय वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सर्वांत खाली जातं आणि मग काही अंशी परत येतं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या स्वीडनमधल्या प्रदीर्घ अभ्यासात वीस वर्षांनंतरची सरासरी घट १८ टक्के उरली होती. ती थोडी नव्हे, पण पेढे वाटले त्या दिवशीचा आकडा कायमचा नसतो.

म्हणूनच अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या शिफारशींत म्हटलं आहे, की सीपॅप वापरणाऱ्याचं वजन दहा टक्क्यांनी उतरलं की चाचणी पुन्हा करावी. यंत्र बंद करता येईल का हे त्यावरून ठरतं, आणि चालू ठेवायचं असेल तर हवेचा दाब किती ठेवायचा हेही. वजन उतरल्यावर जुना दाब जास्त होतो, हवा मास्कमधून निसटते, माणूस वैतागतो आणि यंत्र माळ्यावर जातं.

*

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. पुण्यातल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचं छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं होतं. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस काट्यावर बारीक दिसतो आणि आतून तसा नसतो, हे एका छायाचित्रात कळलं. त्यामुळेच भारतीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये लठ्ठपणाची सीमा ३० ऐवजी २५ धरली, आणि शस्त्रक्रियेचा विचार एरवी ३७.५ च्या वर, पण जोडीला आजार असतील तर ३२.५ पासून करावा असं सुचवलं.

विम्याची पट्टी वेगळी आहे. विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ मध्ये प्रमाणित केलेल्या अटीनुसार लठ्ठपणाच्या शस्त्रक्रियेचा खर्च मिळण्यासाठी बीएमआय ४० हवा, किंवा ३५ आणि जोडीला गंभीर आजार. या आजारांच्या छोट्या यादीत तीव्र स्लीप ॲप्नियाचं नाव स्पष्ट आहे, ही चांगली गोष्ट. पण माझ्या भावाच्या उंचीच्या माणसाला डॉक्टरांची रेषा सुमारे ९२ किलोला येते आणि विम्याची ९९ ला. मधल्या सात किलोंत जो अडकला, त्याने वजन वाढण्याची वाट बघायची की कर्ज काढायचं?

आता इंजेक्शनंही आली आहेत. टिर्झेपटाइड या औषधाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत सरासरी ५० च्या आसपासचा एएचआय वर्षभरात २५ ते २९ ने उतरला. त्या डिसेंबरात अमेरिकेत या आजारासाठी त्याला मंजुरी मिळाली आणि मार्च २०२५ मध्ये ते भारतीय बाजारात आलं. ५० मधून २५ किंवा २९ वजा करा. सरासरी पुन्हा विशीतच राहते. साधन बदललं तरी प्रश्न तोच, उरलं किती ते मोजलं का?

*

शस्त्रक्रिया करून चूक केली का, असं भावाने मला त्या दिवशी विचारलं. मी नाही म्हणालो, आणि आजही तेच म्हणेन. तासाला पस्तीस वेळा कमी गुदमरणं ही छोटी गोष्ट नाही. त्याचा रक्तदाब उतरला, मधुमेह आवरला, आणि माळ्यावरून खाली आलेलं यंत्र आता कमी दाबावर चालतं, म्हणून तो ते लावतो. कुशीवर झोपायची सवय त्याने बनियनच्या पाठीला टेनिसचा चेंडू शिवून लावून घेतली. भावजयीची युक्ती. दर वर्षी वाढदिवसाला तो वजन सांगतो आणि मी एएचआय विचारतो. आता चिडत नाही.

पण मोशीची ती सकाळ मला विसरता येत नाही. या आजारात वाहन चालवताना अपघाताचा धोका सुमारे दुप्पट ते अडीचपट असतो, असं अभ्यास सांगतात. सकाळी पाळी सुटते तेव्हा तळेगाव चौकापासून मोशीपर्यंत हजारो मोटारसायकली एकमेकींना घासत घराकडे निघालेल्या असतात. त्यांतल्या कितीजणांना पाळीचा थकवा आहे आणि कितीजणांचा श्वास रात्रभर अडला आहे, हे वरून बघून सांगता येत नाही.

या दिवाळीतही पाहुणे येतील, हॉलमध्ये गाद्या पडतील, कुणीतरी मोठ्याने घोरेल आणि आपण हसू. हसायला हरकत नाही. फक्त आवाज मध्येच थांबला तर घड्याळाकडे बघा. छाती हलते आहे आणि हवा येत नाही, असं दहा सेकंदांहून जास्त वेळ आणि वारंवार दिसलं, तर त्या माणसाला उठल्यावर चहाबरोबर सांगा. त्याला स्वतःला ते कधीच कळणार नाही. आणि ज्याचं घोरणं शस्त्रक्रियेने, औषधाने किंवा पथ्याने थांबलं आहे, त्याला पेढा जरूर मागा, पण रिपोर्टही मागा.